दर तीन महिन्यांची सुई

इस्त्रीवालीचं सुईचं कार्ड तिच्या घरी कधी गेलंच नाही. दवाखान्यातली सिस्टर अशा पंधरा-वीस बायकांची कार्डं कापसाच्या डब्याखाली लपवून ठेवायची. सुईची तारीख त्या बायकांनीच तोंडपाठ करायची, घरी फोन करायचा नाही, हा तिचा कायदा.

बदलून आलेला कारकून मात्र भलताच कामसू. त्याला कार्डं सापडली. लॉन्ड्रीत सुट्टी न मिळाल्यानं इस्त्रीवालीची तारीख उलटली होती, वरचे सवलतीचे दिवसही संपत आले होते. या शहाण्यानं साडेअकराला तिच्या घरी फोन लावला, "ताईंची मूल न होण्याची सुई राहिलीय. आज शेवटचा दिवस, बाराला दवाखाना बंद होतो, त्याआधी या."

फोन नवऱ्यानं उचलला होता.

त्यानं तिला केसांना धरून ओट्यापासून खेचलं. "चार वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस? कोणासाठी घेतेस सुई? बोल!"

"तुमच्याच पोरींसाठी! तिसऱ्या सिझरला डॉक्टरीण काय म्हणाली, तुम्ही ऐकलं नव्हतं? परत दिवस गेले तर मी टेबलावरच मरेन!"

"म्हणे मरेन!" सासू दारातून म्हणाली. "मी सात काढली, मेले का?"

पट्ट्याचं बक्कल गालावर बसलं. मग लाकडी स्टूल डोक्यात. रक्त डोळ्यांत उतरलं आणि तिचं डोकंच फिरलं. गळ्याशी आलेला त्याचा हात तिनं हाडापर्यंत चावला. तो गुरासारखा ओरडला, पकड सुटली, आणि ती अनवाणी पळत सुटली. दोन गल्ल्या! लोक बघत राहिले, मेले, एकानं हात पुढे केला नाही.

सिस्टरनं तिला आत ओढून कडी घातली. पाठोपाठ दारावर नवऱ्याच्या लाथा बसू लागल्या.

"ताई, मला वाटलं, मी चांगलंच..." कारकून पांढराफटक पडला होता.

"फोनची फार हौस ना तुम्हाला? मग आता पोलिसांना लावा!" सिस्टर खेकसली आणि जखमेवर कापूस दाबू लागली. "किती खोल गेलंय गं बाई! आधी टाके घालते."

इस्त्रीवालीनं घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी.

"आधी सुई."

"अगं, रक्त थांबत नाहीये!"

"डोकं फुटलं ते फुटलं. सुई चुकली तर माझ्या पोरी आईविना राहतील. द्या म्हणते ना!" तिनं बाही वर केली.

दाराची काच फुटून आत आली. कारकुनानं टेबल लोटून दाराला लावलं आणि त्यावर अंग टाकलं. सिस्टरनं सुई भरली. सुई गेली. इस्त्रीवालीनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"आता घाला टाके," ती म्हणाली. "आणि मला मागच्या दारानं सोडा. साडेबाराला शाळा सुटते, त्याच्याआधी मला पोचायचंय. पोरींना घेऊन त्या घरात मी आता जात नाही."