झिलकऱ्याची वही

माझ्या नातीचं, तृप्तीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. लग्न उरकलं आणि आठवड्याभरात रावजी डोळे दाखवायला पेठहून नाशिकला आला. जुन्या सीबीएसजवळच्या चहाच्या हॉटेलात आम्ही भेटलो. दुपार झाली होती, म्हणून तिथंच मिसळ सांगितली.

मी पिशवीतून वही काढली.

"ही कशाला?"

"तुझी कथा लिहून घ्यायचीय."

रावजी आमच्या गावचा कथेकरी. कुणी वारलं की दिवसाला तो त्या घरी काशाचं ताट घेऊन बसायचा. ताटात मेणानं काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढायची, की ताट घुमतं. त्या आवाजावर तो मेलेल्याला पूर्वजांपर्यंतची वाट गाऊन सांगायचा. तरुणपणी मी त्याचा झिलकरी. त्यानं ओळ म्हणायची, तिचे शेवटचे शब्द मी उचलायचे. पुढं मी अंबडला कारखान्यात लागलो. लिहायला शिकलो ते साठी उलटल्यावर. आणि रावजीच्या मागं ती कथा येणारं गावात कोणी उरलं नव्हतं.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मंग कशी सांगू? मयत नसता सांगितली तर ती मयत शोधीत फिरते. ठाव हाय ना तुला, सहादू?"

"गाऊ नको. नुसतं बोल."

"मिसळीत फरसाण लय टाकलंय."

पाऊण तास हेच. मी वाट विचारावी, त्यानं बैलाचं सांगावं, सुनेचं सांगावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या मोतीबिंदू पिकलाय, तर याचं म्हणणं, तो काय आंबा हाय का. पेनाचं टोपण काढून माझी बोटं अवघडली.

शेवटी मी मुद्दाम चुकीचं म्हटलं, "पहिली लागते नदी."

त्याचा घास थांबला. "नदी आधी कशी येईल? आधी बांबूचं रान."

मी घाईनं लिहिलं, 'बांबूचं रान'. रावजीनं डोळे मिटले. रस्सा संपलेली ताटली जवळ ओढून तो कडेवरून बोट फिरवू लागला. ओठ हलले. मी श्वास धरून बसलो.

"स्टील हाय," तो म्हणाला आणि ताटली सरकवून दिली. "मुकं. दोन चहा सांग."

माझं डोकं फिरलं. "तू गेल्यावर तुझ्या दिवसाला कोण गाणार?"

"तू हायेस की."

"मला नुसती ओळींची शेपटं येतात."

"तेवढीच म्हण. पुढलं मला ठाव हाय."

तो हसत होता. मी वही पिशवीत कोंबली, चहा न घेता उठलो. त्याला पेठच्या गाडीत बसवून द्यायचं ठरलं होतं, तेही केलं नाही. तसं अंधुक दिसत असताना गाडीची पाटी त्यानं कुणाकडून वाचून घेतली, मला माहीत नाही.

त्याच्या दिवसाला मी काशाचं ताट घेऊन बसलो. त्याच्या ओळीपुरता थांबायचो, मग माझे शब्द म्हणायचो. वहीत अजून ते दोनच शब्द आहेत.

रावजी भोये मंगळवारी, दहा जानेवारी दोन हजार तेवीसला, सकाळी वारला.