तिरकी पट्टी

माझ्या नवऱ्याने चौदा वर्षं टॉवरमध्ये बसून विमानं उतरवली. या देशात आल्यावर त्याला सांगण्यात आलं, तिकडचं लायसन्स इथे चालत नाही, शिकाऊ म्हणून पहिल्यापासून सुरुवात करा. सेहेचाळिसाव्या वर्षी गळ्यात शिकाऊचं कार्ड आणि शेजारी कान टवकारून बसलेली, त्याच्या निम्म्या वयाची शिक्षिका! मी असते तर पहिल्याच दिवशी हेडफोन आपटून घरी आले असते. हा आपला "हो मॅडम, हो मॅडम".

त्याच्या जुन्या टॉवरमध्ये प्रत्येक विमानाची कागदाची एक पट्टी असे, प्लॅस्टिकच्या चौकटीत सरकवलेली. ज्या विमानाला "थांबा" सांगितलंय, त्याची पट्टी रांगेतून जरा ओढून तिरकी ठेवायची. तिरकं दिसलं की डोळा आपोआप तिकडे जातो. ही सवय घरातही शिरली. फ्रिजशेजारच्या फळीवर आम्हा तिघांच्या नावांच्या तीन पट्ट्या होत्या. बाहेर पडताना आपली पट्टी तिरकी करायची, परत आलं की सरळ. लेकीला कॉलेजातून यायला उशीर झाला की हा त्या फळीसमोर येरझाऱ्या घालायचा.

"बाबा, मी लग्न करून गेले तरी माझी पट्टी तिरकीच ठेवणार का?"

"पोचल्याचा फोन येईपर्यंत," तो म्हणायचा.

इथे मात्र सगळं पडद्यावर. त्या पडद्यावर काहीच तिरकं होत नाही. पहिल्या परीक्षेत, खोट्या विमानांच्या खोलीत, त्याने एका विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी थांबवलं आणि सात मिनिटं त्याला साफ विसरून गेला. नापास. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली असती तर टॉवर कायमचा सुटला असता.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

"अरे, विमान खोटं होतं," मी म्हटलं.

"मी थांब म्हटलं म्हणून तो थांबला होता," तो म्हणाला, "आणि मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर चीडही आली. कारण दोन वर्षांपूर्वी त्याने मलाही हेच सांगितलं होतं, "आधी माझं होऊ दे, मग तुझं. तू जरा थांब." मी फिजिओथेरपिस्ट आहे. मलाही इथली परीक्षा नव्याने द्यायची होती. माझा फॉर्म कपाटात टॉवेलांखाली पडून होता आणि मी दुकानात लोकांच्या पायात चपला घालून बघत होते. पण आधीच खचलेल्या माणसाला काय बोलणार? गिळलं सगळं.

पुढच्या आठवड्यात शिक्षिकेने त्याला विचारलं, "काम करताना तुमचा हात सारखा टेबलाच्या कडेला का जातो?" त्याने लाजत पट्ट्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे पेन्सिलींची नवी पेटी ठेवली. "मी रात्री सगळी नियमावली वाचली. टेबलावर पेन्सिली ठेवू नयेत असं कुठेही लिहिलेलं नाही. थांबवलेल्या प्रत्येक विमानामागे एक ठेवा, तिरकी." तेव्हापासून त्या पोरीबद्दल मी एक शब्द वाकडा बोलले नाही.

परीक्षेच्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी सातपासून त्याची पट्टी तिरकी होती आणि माझं लक्ष दुसरीकडे लागेना. चार वाजता तो आला. चेहरा कोरा. बूटही न काढता सरळ फळीपाशी गेला आणि आपली पट्टी सरळ केली.

"अरे, बोल की काहीतरी!"

"पास."

लेक अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर ठोकलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. तो मात्र अजून फळीसमोरच होता. त्याने माझ्या पट्टीला हात घातला आणि ती ओढून तिरकी केली.

"मी घरातच आहे," मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुला थांब म्हटलं होतं मी. दोन वर्षं झाली." तो माझ्याकडे वळला. "फॉर्म कुठे आहे?"

"टॉवेलांखाली," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.

तो गेला आणि टॉवेलांसकट सगळा गठ्ठाच उचलून घेऊन आला.