सुटलेली वायर

"हा पण बंद," लतीफ सर दबक्या आवाजात म्हणाले आणि पुढच्या संगणकाकडे सरकले.

लतीफ सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांच्या मागे संस्थेचे सचिव आणि सचिवांच्या मागे चहाचा ट्रे घेतलेले मुंजाजी शिपाई. कळमनुरीच्या त्या शाळेत ऑनलाइन परीक्षेची चाचणी चालली होती, म्हणजे चालायला हवी होती. निम्म्या पडद्यांवर प्रश्नपत्रिका उघडली होती आणि निम्म्यांवर नुसतंच चाक गरगरत होतं.

हे सगळं नेटवर्क मुंजाजींच्या मुलीनं, प्रियंकानं बसवलं होतं. चाचणी नीट पार पडली की संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम तिलाच मिळायचं होतं, कायमचं. नाही तर पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलेलंच होतं. आई, शालूबाई, गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. पुण्याचा विषय निघाला की मुंजाजी उठून उगीच अंगण झाडायला लागत.

पूर्वी शाळेतले सगळे संगणक एकाच जाळ्यात होते. वर्गातल्या पोरांना कार्यालयातली गुणपत्रकं उघडता येत, आणि एका पठ्ठ्यानं ती उघडलीही होती. म्हणून प्रियंकानं तीन गट पाडले. कार्यालय वेगळं, शिक्षक वेगळे, पोरं वेगळी. प्रत्येक गटाच्या संगणकांना त्यांचे त्यांचे पत्ते आणि भिंतीवरच्या स्विचच्या पेटीत वायरी खोचायला त्यांचे ठरलेले पोर्ट. या गटांना व्हीलॅन म्हणतात, हे तिनं जेवताना बाबांना समजावलं, तेव्हा मुंजाजी घास हातात धरून म्हणाले होते, "म्हंजी सातवीच्या पोरानं आठवीत जाऊन बसायचं न्हाई."

तसंच, म्हणून ती हसली होती. दुसऱ्या दिवशी मुंजाजींनी चहा देता देता अख्ख्या शाळेला व्हीलॅन शिकवलं. पोरगी काय करून राहिली हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की शिक्षक मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचे.

आता प्रियंकानं भिंतीवरची पेटी उघडली आणि तिचे हात थांबले. कार्यालयातून येणारी जुनी वायर तिनं स्वतः काढून खाली सोडली होती, सवडीनं गुंडाळू म्हणून. ती वायर आता पोरांच्या एका रिकाम्या पोर्टमध्ये घट्ट बसली होती. निसटू नये म्हणून वर सुतळीनं बांधलेलीही होती. मुद्दाम वेगळे केलेले दोन गट त्या वायरीनं पुन्हा एक केले होते आणि पोरांचे निम्मे संगणक कार्यालयाचे पत्ते घेऊन बसले होते, म्हणून त्यांच्यावर प्रश्नपत्रिका उघडत नव्हती.

गाठ तिनं लगेच ओळखली. झेंड्याच्या दोरीला, गळक्या नळाला, बाकांच्या मोडक्या पायांना, शाळाभर तीच गाठ होती. लोंबकळणारी वस्तू मुंजाजींना बघवत नसे. सारी नोकरी त्यांनी या शाळेतलं सैल ते घट्ट करण्यात घालवली, कुणी न सांगता, पदरचे खिळे वापरून. रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते संगणकांची खोली झाडत. आजही झाडली असणार.

सचिवांनी विचारलं, "काय झालं?"

तिनं बाबांकडे पाहिलं. ट्रे हातात तसाच, आणि नजर तिच्यावर. आता पोरगी चुटकीसरशी दुरुस्त करील, असा भरवसा त्या नजरेत होता. खरं सांगितलं तर सचिव त्यांना चारचौघांत बोलतील, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं खरं दडवलं ते तेवढ्यासाठी नव्हे. आपल्याच हातानं लेकीचं काम घालवलं, हे बाबांना उरलेला जन्म पेललं नसतं.

"माझ्याकडून राहिलं, सर," ती म्हणाली.

अगदीच खोटं नव्हतं ते. रिकामे पोर्ट तिनं बंद करून ठेवायला हवे होते. पेटीकडे तोंड करून तिनं गाठ सोडली, सुतळी मुठीत लपवली आणि वायर उपसली. तिनं संगणक पुन्हा सुरू केले आणि सगळ्या पडद्यांवर प्रश्नपत्रिका आली. पण तोवर सचिव जायला निघाले होते. माणूस वाईट नव्हता. परीक्षेच्या दिवशी असं झालं तर पालकांना काय तोंड दाखवायचं, एवढंच ते म्हणाले. काम नांदेडच्या कुणाला तरी गेलं. चहा कुणीच घेतला नाही. मुंजाजी ट्रे तसाच परत घेऊन गेले.

घरी त्यांनी तिला एका शब्दानंही दुखावलं नाही. शेजारच्या भिकाबाईनं पोरीचं काम काहून गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हुशार हाय वं पोरगी. जरा घाई झाली तिची."

प्रियंका आत भाकरी थापत होती. तिनं ते ऐकलं. बाहेर जाऊन खरं काय ते ओरडून सांगावं असं तिला पोटातून वाटलं. ती बसून राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली.

पुण्याच्या गाडीत जागा मुंजाजींनीच धरली. बॅग वर ठेवून ते उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. मग कुणी ऐकत नाही ना, हे बघून पुढे झुकले.

"एक सांगू का माय? रागावू नको. साहेब येनार व्हते त्या दिवशी सकाळी तुझी एक वायर सुटलेली व्हती. मीच बसवली. म्हनलं, साहेबांना दिसली तर पोरीला बोल लागंल. तुला सांगितलं न्हाई. वाईट वाटलं असतं तुला."

प्रियंकानं खिडकीची काच आणखी मागे सरकवली.

"इथं मी व्हतो, सांभाळून घेतलं. तिथं तुझ्या मागं कोन हाय बघायला? तवा ध्यान देऊन काम करत जाय."

"व्हय बाबा," ती कशीबशी म्हणाली. "ध्यान देईन."

आणि मग तिला रडू आवरेना. घर सुटतंय म्हणून पोरगी रडतेय, असं मुंजाजींना वाटलं. त्यांनी खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला आणि गाडी हलली तरी काढला नाही. स्टँडच्या फाटकापर्यंत ते तसेच गाडीबरोबर चालत राहिले.