आठ दिवस करंट नव्हता

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या जुन्या फियाटमधले ठिणगी पाडणारे पॉइंट काढून अमरावतीच्या ललित मिस्त्रीने टायमिंग मोबाइलवर जुळवायचे यंत्र बसवले.

त्याआधी चाळीस वर्षे इंजिनाचे टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, आमचे हे, खुशालराव, स्वतःच लावत. मी किल्ली फिरवायची आणि यांनी बॉनेटखाली कान देऊन ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवायचा. ललितने नुसते मोबाइलवर बोट फिरवले, इंजिनाचा आवाज मऊ झाला.

"काकाजी, आता कानाचं काम मोबाइल करते."

"मंग चहाबी त्यालेच पाज," हे म्हणाले.

यंत्र बसवण्याचे खरे कारण वेगळेच होते. दिवाळीत लेकीकडे अकोल्याला जाताना मूर्तिजापूरजवळ हे दहा मिनिटे उलट्या बाजूने गाडी हाकत राहिले. घरी आल्यावर त्यांना ते आठवेना. गाडी सोडा म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्या यंत्रात मोबाइलवरून करंट बंद करायची सोय होती. लेकीने, प्रणालीने, ती माझ्या मोबाइलवर घालून दिली.

"आई, एवढं बटण दाबून ठेव. बाबाले समजणारबी नाही."

मी दाबले.

सकाळी गाडी चालू होईना. यांनी प्लग काढून इंजिनाला टेकवला. "अवं, फिरव किल्ली." मी फिरवली. ठिणगी नाही. मोबाइल माझ्या मांडीवरच होता.

असे आठ दिवस चालले. यांनी वायरी पुसल्या, प्लग घासले, बॅटरी चार्ज करून आणली. ललितला बोलावू म्हटले तर, "त्याले काय समजते?" आठव्या दिवशी हे पायरीवर बसले आणि आपले काळे तळहात पाहत राहिले.

"डोकं तं चाललंच होतं, मले मालूम आहे. आता हातबी गेले वं."

मला ते ऐकवेना. "हात नाही गेले तुमचे. मीनंच बंद केली होती गाडी, मोबाइलवरून."

हे म्हणाले, "किल्ली फिरवत होती, तवाबी?"

"हो."

"मले म्हटलं असतं तं देऊन देली असती." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

बॉनेट त्यांनी पुन्हा उघडले नाही. पुढच्या हिवाळ्यात हे गेले. ललितकडे आता नागपूरहूनही जुन्या गाड्या येतात. फियाट प्रणालीने अकोल्याला नेली, ती झकास चालवते. घ्यायला येऊ का, म्हणून फोन करते. मी एसटीनेच जाते.