मूळ फाईलला हात लावायचा न्हाय

इंद्रजीत आमच्या ऑफिसात आला तेव्हा घरी बसून होता. ट्रॅक्टर मालकाचा, आणि केस सुटल्याशिवाय मालक त्याला स्टेअरिंगला हात लावू देईना. कुंभारीत एक मोटारसायकलवाला त्याच्या उसाच्या ट्रॉलीला धडकला, पाय मोडला, गुन्हा इंद्रजीतवर. ह्याचं म्हणणं एकच, "आपण रस्त्याच्या खाली उभा होतो की."

अपघाताच्या जागेसमोरच चन्नप्पाचं हॉटेल. त्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलतं.

मी देवयानी मॅडमकडं कॉम्प्युटरचं बघतो. मॅडम वकील. मी कोर्सबिर्स काय केला न्हाय, बघून बघून शिकलो. केसच्या सॉफ्टवेअरमध्ये इंद्रजीतनं आणलेला व्हिडिओ चढवायला घेतला आणि कपाळाला हात लावला. चन्नप्पाच्या पोरानं, गुरुनं, मदत म्हणून त्याच्यावर हलगी टाकलेली. वर लाल अक्षरं लुकलुकत होती, 'भाऊ निर्दोष'. इंद्रजीतनं हाच व्हिडिओ गावभर वाटलेला. सरकारी वकिलांपर्यंत पोचला. ते म्हणले, "मॅडम, नाचायचं कधी?"

मॅडम मला म्हणल्या, "अजिंक्य, मूळ रेकॉर्डिंग आण. आणि त्यात काडीचाही बदल करायचा नाही."

कुंभारी गाठली. चन्नप्पा म्हणला, "ब्याडप्पा, मला कोर्ट नको." अपघात झाला त्याच दिवशी, गुरुनं मोबाईलवर व्हिडिओ उतरवून घेतल्यावर, भिऊन त्यानं कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा डबा काढलेला, टॉवेलात गुंडाळून पिठाच्या पिंपामागं ठेवलेला. मी खूश. डबा चालू राहिला असता तर नव्या रेकॉर्डिंगनं जुनं कधीच पुसलं असतं.

"काका, तुमी भ्यालात म्हणून वाचलं."

"एवढं भिऊन बी कोर्टात यायचंच व्हय?"

"व्हय."

त्यानं शिव्या घातल्या, चहा पाजला. मी तितंच फाईल काढून तिचा हॅश घेतला. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. आत जरा जरी बदललं की ठसा बदलतो. तो कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रात लिहिला, चन्नप्पानं सही केली.

ऑफिसात आलो तर सॉफ्टवेअर फाईल घेईना. डब्यातल्या फाईलचा प्रकारच वेगळा. बदलून दिली तर घेतंय, पण मग ती मूळ राहत न्हाय. लई डोकं खाल्लं. शेवटी मूळ फाईल जशीच्या तशी कागदपत्रांच्या कप्प्यात टाकली, बघायची कॉपी व्हिडिओच्या कप्प्यात, आणि दोन्ही एकमेकीला जोडल्या. मॅडमना दाखवलं. त्यांनी कॉपीच्या नावात 'फक्त बघण्यासाठी' घालायला लावलं. बरं केलं. कोर्टात पहिला प्रश्न त्याच्यावरच आला.

सरकारी वकील उठले. "हे पण एडिट केलेलं असणार."

जजसाहेबांनी मूळ फाईलचा ठसा कोर्टाच्या कॉम्प्युटरवर काढायला लावला. क्लार्क एकेक अक्षर वाचतोय, मॅडमचं बोट प्रमाणपत्रावर सरकतंय. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं.

मग कॉपी लावली. ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली, इंडिकेटर चालू, इंद्रजीत वाकून टायरला दगड लावतोय. मोटारसायकलवाला कानाला फोन धरून सरळ ट्रॉलीत. सरकारी वकील चष्मा पुसत बसले.

निकालाच्या दिवशी 'निर्दोष' ऐकलं आणि चन्नप्पानं माझ्या पाठीत असली थाप मारली की मी बाकावर आपटलो. इंद्रजीत बाहेर पळाला. व्हरांड्यातनंच मालकाला फोन लावला.

"चावी काढून ठेवा मालक. सकाळची खेप माझी."