वेबसाइटवरचा नंबर

सिद्धगडाच्या पायथ्याशी कुणाली गडावर येणाऱ्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करायची. राबणारी ती, पण वेबसाइट बनवली होती तिच्या धाकट्या दिराने, ओमकारने. तो कल्याणला कंपनीत होता. वेबसाइटवर नंबर त्याचाच. लोक त्याला फोन करायचे, तो कुणालीला कळवायचा.

दिवाळीनंतर लोक कमी यायला लागले. कुणालीने त्याला सांगितलं, वेबसाइटवर माझा नंबर टाका. बदलला म्हणून त्याने संध्याकाळीच कळवलं. तिने मोबाइलवर उघडून पाहिलं, तर नंबर ओमकारचाच. पुढच्या आठवड्यातही तोच. पुन्हा विचारलं, तर तो वैतागून म्हणाला, नीट बघा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. ओमकारच्या एका मित्राने शेजारच्या गावात नुकतेच तंबू लावले होते. आपल्याकडे येणारी माणसं हा तिकडे तर वळवत नाही? रविवारी तो घरी आला आणि फोनवर बोलत अंगणाबाहेर गेला, तशी ती भांडी घासायची थांबून कान देऊ लागली. मधल्या काळात तिलाही अनोळखी लोकांचे एकदोन फोन आले होते. त्यांना नंबर कुठून मिळाला, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. शेवटी तिने सगळं सासूच्या, कमळबाईंच्या, कानावर घातलं. कमळबाईंनी ओमकारशी बोलणंच टाकलं.

धसईच्या बाजारात तिला भाविका भेटली. ही तिची मैत्रीण, मुरबाडला कॉम्प्युटर शिकवायची. कुणालीने तिला वेबसाइटवरच्या नंबरला फोन लावायला सांगितलं. भाविकाने आपल्या मोबाइलवर वेबसाइट उघडून लावला, आणि कुणालीच्याच पिशवीत मोबाइल वाजला. कुणालीने आपल्या मोबाइलवर तेच पान उघडलं. तिथे अजून ओमकारचा नंबर. क्षणभर तिला वाटलं, त्याने हिलाही फितवलंय.

भाविकाने तिचा मोबाइल हातात घेतला. "यानं जुनं पान साठवून ठेवलंय गो. तू उघडतेस तवा तेच दाखवतो, नवीन आणतच नाय." तिने साठवलेलं पुसलं आणि पान पुन्हा उघडलं. तिथे कुणालीचा नंबर होता.

घरी येऊन तिने आधी सासूला सांगितलं. रविवारी ओमकारलाही सांगितलं. दिवाळीपासून कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, म्हणून फोन चुकायचे, असं तो म्हणाला. नंबर बदलायला म्हणूनच तो लगेच तयार झाला होता.

"वहिनी, मनात होतं तर मला इचारायचं. आईला कशाला सांगितलंत?"

वेबसाइटचा पासवर्ड त्याने तिथेच तिच्या मोबाइलवर पाठवला. कमळबाईंनी त्याचं ताट वाढलं, तोही जेवला. पण त्यानंतर तो दर रविवारी येईनासा झाला. आला तो एकदम पौषात, म्हसा गावच्या जत्रेला, आणि आल्या आल्या आईजवळ जाऊन बसला.