हॉर्नची साक्ष

पोंऽऽऽ!

हॉर्न वाजला आणि अंगणातली साठेक माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत मागे सरकली. गाडीत कुणी नव्हतं. दारं बंद, काचा वर, स्टिअरिंगवर माशीसुद्धा नव्हती. बॉनेटवर फक्त धाकट्या सुनेचा उजवा तळवा टेकलेला होता.

"ऐकलंत?" साक्षीबाबा गरजले. "आत्मा म्हणजे काय? करंट! बॅटरी म्हणजे काळीज, वायरी म्हणजे नाड्या आणि हॉर्न म्हणजे वाचा! मृतात्मा बोलतोय!"

मग सायलेन्सर म्हणजे काय, हे विचारायचा मोह वायरमनबाईने मोठ्या कष्टाने आवरला.

ती मागे भिंतीला टेकून उभी होती. गावातल्या निम्म्या गाड्यांची वायरिंग तिच्या हातची. सकाळीच या घरून निरोप आला होता: म्हाताऱ्याच्या जुन्या गाडीला फुल चार्ज केलेली बॅटरी लावून द्या, बाबांनी सांगितलंय. तेव्हाच तिला हसू आलं होतं. आत्मा अमर, पण त्याला बारा व्होल्ट लागतात!

आता मात्र हसू येईना. महिन्यापूर्वी म्हातारा गेला होता. धाकटीने शेवटच्या दिवशी मुद्दाम चुकीची गोळी दिली, अशी कुजबूज घरातूनच सुटली, आणि आज तिचा निकाल होता. हॉर्न तीनदा वाजला तर तिने दुपारच्या आत घर सोडायचं. एकटीने. सहा वर्षांची मुलगी मात्र इथेच राहणार.

आधी सासूने हात ठेवला, गाडी गप्प. थोरल्या जावेने ठेवला, गाडी गप्प. धाकटीच्या हाताला मात्र पोंऽऽ.

"अगं, कबूल करून टाक ना," गर्दीतून एक बाई म्हणाली. "आम्हालाही स्वयंपाक आहेत."

"चेहऱ्यावरूनच वाटत होतं," दुसरी म्हणाली. हिच्याच मुलाच्या तापात धाकटी तीन दिवस उशाशी बसली होती.

धाकटीचा नवरा अंगणातल्याच आपल्या रेडिएटर दुरुस्तीच्या शेडच्या दाराशी खाली मान घालून उभा होता. शर्टाला नेहमीची ॲसिडची भोकं. "आई म्हणेल तसं," एवढंच तो सकाळपासून म्हणत होता.

दुसऱ्यांदा पोंऽऽ.

धाकटी वळली. वायरमनबाई दिसताच कोरड्या ओठांनी म्हणाली, "ताई, पांढरी गोळी सकाळची आणि पिवळी रात्रीची ना हो? माझीच गफलत झाली असेल का?"

ते ऐकून वायरमनबाईने टेकलेली भिंत सोडली. घरातून हाकलतात हे ठीकच, म्हणजे ठीक नाही, पण ते जगात चालतं. इथे तर या पोरीच्या डोक्यात शिरून तिची आठवणसुद्धा खोटी पाडली होती.

तिने हॉर्नकडे बघणं सोडून दिलं आणि बाबांकडे बघायला लागली. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. दिवा लागत नसेल तर दिव्याकडे बघत बसायचं नाही, वायर कुठून येते ते बघायचं. सासू आणि जाऊ हात ठेवत होत्या तेव्हा बाबांची पितळी टोकाची काठी जमिनीवर होती. धाकटीच्या वेळी ती गाडीच्या पायरीवर, दाराखालच्या त्या लांब रुंद पायरीवर.

"थांबा," ती पुढे आली. "बॅटरीचं टोक सैल राहिलंय माझ्याकडून. आत्मा मध्येच अडकायचा."

"आत्म्याच्या देहाला परक्याचा हात नको!"

"बाबा, दोन वर्षांपूर्वी या देहाच्या सगळ्या नाड्या मीच बदलल्यात. आत्मा शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलीसुद्धा.

तिची वायरिंग तिने लगेच ओळखली. जुन्या गाडीला जुन्यासारखंच कापडी वेष्टण हवं, असा म्हाताऱ्याचा हट्ट होता. त्या तपकिरी जुडग्यातून एक लाल प्लॅस्टिकची वायर जिभेसारखी बाहेर आली होती. एक टोक हॉर्नच्या वायरला सोल्डरने डाखलेलं. दुसरं टोक पायरीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला. पट्टीचे स्क्रू काढून ती रबरावर चिकटवली होती, म्हणजे गाडीच्या लोखंडाला शिवायला नको.

आणि सोल्डरचा डाख हिरवा पडला होता.

तो हिरवा रंग बघून ती क्षणभर तशीच पडून राहिली. बाबाचं बिंग फोडणं सोपं होतं. पण या रंगात आणखी एक नाव होतं, आणि ते वर उभ्या असलेल्या पोरीला ऐकावं लागणार होतं. सांगावं की गिळावं? गिळलं, तर आज बाबा जाईल आणि उद्या दुसरा येईल. माणूस तोच राहील.

ती बाहेर आली, साडी झटकली आणि कमरेला खोचलेला पेचकस पायरीच्या पट्टीवर आडवा टेकवला, असा की त्याचं टोक बाहेरच्या उघड्या लोखंडालाही लागेल.

"गाडीबाई, बाबा खरे आहेत का?"

पोंऽऽऽ!

"मी काल चंद्रावर जाऊन आले का?"

पोंऽऽऽ!

एक आजोबा पुढे धावले आणि चक्क तिच्या पायांवर वाकले. "माउली! तुमच्यातही शक्ती आहे!"

"उठा हो काका! शक्ती नाही, पेचकस आहे." तिने तो त्यांच्याच हातात दिला. "ठेवा तुम्ही."

आजोबांनी ठेवला. पोंऽऽ. ते इतके दचकले की पेचकस उडून सासूच्या पायाशी पडला.

"हॉर्नपर्यंत वीज आलेलीच असते," वायरमनबाई म्हणाली. "त्याचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला टेकलं की तो बोंबलतो. स्टिअरिंगवरचं बटण दाबून तुम्ही तेच करता. इथे बटण या पट्टीला आणून जोडलंय, आणि बाबांच्या काठीचं पितळ ते दाबतंय. एवढाच मृतात्मा."

गर्दी आता बाबांकडे वळली. जिला मघाशी स्वयंपाकाची घाई होती, त्याच बाईने चप्पल काढली.

"मला कशाला मारता?" साक्षीबाबाचा आवाज एकदम पातळ झाला. "वायर काय मी जोडली? मला सोल्डर धरायचं कसं तेही माहीत नाही!"

"तो खरं बोलतोय," वायरमनबाई म्हणाली. तिने पक्कडीने लाल वायर तोडली आणि तो हिरवा डाख तळव्यावर धरला. "वायर डाखताना राळ लावतात. ॲसिड कुणी लावत नाही, तांबं सडतं. आठ-पंधरा दिवसांनी ही वायर गळून पडली असती आणि आत्मा मुका झाला असता. ॲसिड लावून डाखायची सवय रेडिएटरवाल्यांना."

अंगणात रेडिएटरवाला एकच होता.

धाकटी त्याच्याकडे चालत गेली. "गोळी दिली तेव्हा तुम्ही समोर होतात. तुम्हीच रंग वाचून दाखवलात. बरोबर होती ना?"

त्याने शर्टाच्या भोकात बोट घातलं. "मला काही माहीत नाही. शपथ. मी वायरला हातही लावला नाही."

आणि साठच्या साठ माना गाडीकडे वळल्या.

गाडी गप्प होती.

"बघा, वाजली नाही," सासू घाईघाईने म्हणाली. "माझा मुलगा—"

"वायर मी आत्ताच तोडलीय, आजी," वायरमनबाई म्हणाली. "ती कशी वाजेल? खोटारडा समोर उभा राहिला म्हणून लोखंड ओरडत नसतं. ते काम आपलं."

"मग म्हातारा गेला कशाने?" आजोबांनी विचारलं.

"हृदय बंद पडून. डॉक्टरांनी त्या दिवशी सगळ्यांदेखत कागदावर लिहून दिलंय, तो कागद याच घरात आहे. महिनाभर एकानेही तो उघडला नाही. एका बाईला उन्हात उभं करायला मात्र साठ जण जमलात. बाबाने काठी टेकवली हे खरं, पण हिला ढकलत होतात तुम्ही. मी काही शाळा शिकलेली नाही. मला एवढंच कळतं की चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा खाली वाकून बघावं, वायर कुठून येते ते. आणि ती कुणाच्या सोयीची आहे, तेही."

चप्पल काढलेल्या बाईने ती हळूच पायात सरकवली.

धाकटी आत जाऊन मुलीला घेऊन आली. हातात एक पिशवी आणि तो डॉक्टरांचा कागद. निकालाप्रमाणे दुपारच्या आतच ती फाटकाबाहेर पडली, फक्त एकटी नाही.

"अगं, आता कशाला जातेस?" सासू मागून ओरडली. "आता तर तू निर्दोष ठरलीस!"

धाकटीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी ठरले, आई. पण तुम्ही?"